चटणी करणाऱ्या अक्का

कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरण्याआधी अक्का दारातच उकिडव्या बसायच्या, फरशीला जवळजवळ नाक टेकवायच्या आणि दोन लांब श्वास घ्यायच्या. मी नवी नवरी होते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं, केवढी श्रद्धाळू बाई! चुलीला नमस्कार करतेय. म्हणून मीही मागे उभी राहून हात जोडले. अक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हात कशाला जोडतीस? गॅस खाली बसतोय, वर उडत न्हाय. उभं ऱ्हाऊन वास घेतलास तर तो कळायच्या आधी काडी पेटलेली असती."

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको. नसाल तर सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभर पुरणारं कांदा-लसणीचं तिखट. नव्वदच्या दशकात आमच्या बोळात एप्रिल लागला की घरोघर मिरच्यांची पोती यायची आणि घरोघर अक्कांना बोलावणं जायचं. खोबरं, तीळ, गरम मसाला भाजायचा, कांदा तळायचा, मिरच्या परतायच्या आणि मग सगळं डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटायला पाठवायचं. डंकापर्यंतचं सगळं अक्कांच्या हुकमतीखाली. त्या मूळच्या गडहिंग्लजकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण आवाज असा की पलीकडच्या बोळातल्या बायकाही पदर खोचायच्या.

पदर खोचणं हा त्यांचा दुसरा नियम. नायलॉनची साडी नेसलेली बाई त्या कढईच्या आसपास फिरकू द्यायच्या नाहीत. पिशवीत दोन जुनेर सुती साड्या कायम असायच्या. "आधी बदल जा. नायलॉन जळत न्हाय, अंगाला चिकटतंय." कढईचा कान वाटेकडे आलेला दिसला की झारा आपटायच्या. ओला चमचा तेलाजवळ नेला की हातावर चापट. मिरच्या परतण्याआधी खिडकी उघडायची, मिरच्यांवर चिमूटभर मीठ टाकायचं, म्हणजे ठसका कमी लागतो. आणि हाताला आधी तेल चोळायचं, म्हणजे रात्रभर आग होत नाही. हे सगळं मी त्यांच्या शिव्या खात खात शिकले.

माझ्या लग्नाआधी आमच्याच घरात एकदा कढईतल्या तेलानं पेट घेतला होता. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. अक्कांनी तो तांब्या तिच्या हातून उडवला, गॅस बंद केला आणि कणकेची परात कढईवर उपडी घातली. जाळ जागच्या जागी विझला. "पेटल्या तेलात पाणी वततीस? घर पेटवायचं हाय व्हय?" ही तांब्यावाली बाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यामुळे हा किस्सा घरात त्या नसतानाच सांगितला जायचा.

अक्कांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत. "चाळीस उन्हाळं झालं. मी हुभी असताना एक बाई भाजली न्हाय." तेव्हाच्या वर्तमानपत्रांत 'स्टो भडकला' अशी बातमी पुन्हा पुन्हा यायची आणि जळालेली बाई बहुतेक वेळा कुणाची तरी सून असायची. अक्का वाचू शकत नव्हत्या. मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि नंतर पिशवीतल्या सुती साड्या पुन्हा मोजून ठेवायच्या.

माझ्या लग्नानंतरचा तिसरा उन्हाळा. चटणीचा दिवस आमच्या घरी होता. कढई मोठी म्हणून सासूबाईंनी शेगडी ओट्यावरून खाली जमिनीवर घेतली होती. त्या ओढाताणीत रबरी नळी शेगडीच्या तोंडाशी सैल झाली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वर खिडकी गच्च बंद. कारण काय, तर शेजारच्या काकूंना आमच्या लवंगा-दालचिनीचं प्रमाण दिसू नये! ते प्रमाण सासूबाईंच्या सासूबाईंचं. दागिन्यांचा डबा एक वेळ उघडा राहिला असता, पण मसाल्याची पाटी नाही.

अक्का आल्या. दारात बसल्या, फरशीशी वाकल्या, दोन श्वास घेतले आणि उठल्या.

"बरं हाय. आण काडेपेटी."

मी त्यांच्या मागेच वाकले होते, त्यांनीच लावलेल्या सवयीनं. मला वास आला. चांगला उग्र. पण अक्का 'बरं हाय' म्हणाल्या होत्या. चाळीस उन्हाळ्यांपुढे माझं नाक ते काय? शेजारी सासूबाई उभ्या, मागे आणखी चार बायका. मला वाटलं, भास असेल, गप्प बसावं. तेवढ्यात अक्कांनी काडी बाहेर काढली आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"अक्का, वास येतोय."

"ए, हात सोड त्यांचा!" सासूबाई ओरडल्या.

अक्कांनी हात सोडवून घेतला नाही. माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. मग आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "सिलिंडर बंद करा. खिडकी उघडा. लाइटच्या बटणाला, फॅनच्या बटणाला कुणी हात लावायचा न्हाय. सगळ्या भाईर चला."

आम्ही सगळ्या अंगणात आलो. अक्का पायरीवर बसल्या. हातातली काडी अजून हातातच होती. सासूबाईंनी त्यांच्या परीनं सावरून घेतलं. "अक्का, सर्दी झाली असंल तुम्हाला. हुतंय असं."

सर्दीचं निमित्त अगदी हातात आयतं ठेवलं होतं. अक्कांचं पोट त्या दोन महिन्यांच्या कामावर होतं आणि हंगाम नुकताच सुरू झाला होता. 'व्हय, सर्दीच' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट आमच्या अंगणाबाहेर गेली नसती.

"सर्दी न्हाय," अक्का म्हणाल्या. "मिरचीच्या धुरानं खाल्लं सगळं. दोन वर्षं झाली, मला वास येत न्हाय. आज येईल, उद्या येईल म्हणून मी मलाच फसवत हुतो. आज सहा बायका मारल्या असत्या मी." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिनं धरलं म्हणून वाचलो. आता दुसरी कोण तरी बघा."

त्या पायरीवर बसलेल्या बाईइतकं उंच माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पिशवी उचलून त्या निघाल्या तेव्हा मी आडवी गेले. म्हटलं, "अक्का, नाक माझं घ्या. बाकीचं तुमचं."

त्या थांबल्या. "आणि दुसऱ्यांच्या घरात?"

"त्यांच्या घरात त्यांची सून आहे की."

तसंच झालं. नवी नळी बसवून घेतली आणि दुपारनंतर कढई चढली. पुढे प्रत्येक घरी अक्का आधी स्वतःची ती चूक सगळ्यांसमोर सांगायच्या आणि मग घरातल्या धाकट्या सुनेला दारात वाकायला लावायच्या. "हिनं सांगितल्याबिगर काडी ओढायची न्हाय. सासू असली तरी न्हाय." दोन घरांनी त्यांना बोलावणं सोडलं. बाकीच्या घरांतल्या सासवा कुरकुरल्या, पण थांबल्या. आमच्या सासूबाईंनी तर दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा ठेवताना, माझ्याकडे न बघता, मला विचारलं, "पेटवू का ग?" तीन वर्षांत त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. खिडकी तेव्हापासून उघडी असते. आमचं प्रमाण आता सगळ्या बोळाला पाठ आहे आणि तरी आमच्यासारखी चटणी कुणाची होत नाही, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या.

पुढच्या पाच-सहा वर्षांत अक्कांच्या छातीला धूर सोसेना. मग त्या आत यायच्या नाहीत, अंगणात खिडकीखाली पाट टाकून बसायच्या आणि कढईचा आवाज ऐकायच्या. कांद्यातलं पाणी आटलं की तेलाचा आवाज बदलतो, तो त्यांना बाहेरून कळायचा. "काढा कांदा! करपला!" "आच कमी करा, तेल वरडाय लागलंय!" कढईपाशी मी आणि माझी जाऊ, दोघी घामानं निथळत, बाहेरचे हुकूम झेलत असायचो. बोलणी खाल्ल्याशिवाय आमची चटणी कधी झालीच नाही.

त्यांचा शेवटचा उन्हाळा आठवतो. खोबरं झालं, तीळ झाले, कांदा तळून झाला, मिरच्याही परतून झाल्या. बाहेरून एक शब्द नाही. हात तसेच तिखटाचे, मी धावत अंगणात गेले. अक्का पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, चांगल्या जाग्या.

"अक्का, बरं वाटत नाही का? आज काहीच बोलला नाहीत."

त्यांनी माझ्याकडे, मी काही खुळ्यासारखं विचारल्यासारखं बघितलं.

"काय चुकलंच न्हाय, तर बोलू काय?"