जीपचा शुद्ध पंचनामा

निवृत्तीनंतर लोक साखर आणि बीपी सांभाळतात. माझ्या नवऱ्याने जीप घेतली. जुनी, कापडी छताची, चारही चाकांना जोर असलेली. सरकारी कचेरीत टेबलाशी बसून त्यांची पस्तीस वर्षं गेली. तिथलं त्यांचं सर्वांत मोठं साहस म्हणजे एकदा साहेबांच्या कपातला चहा पिणं, आणि तोही चुकून. आता ते दिवसभर मोबाइलवर चिखलात उड्या मारणाऱ्या गाड्या बघायचे आणि बघताबघता हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी म्हणाले, "चाल वं, तुले काळवीट दाखवतो."

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावहून निघालो, मंगरूळपीर मागे टाकलं आणि इंझोरीच्या बाजूला लागलो. एका ठिकाणी रस्त्यालगत जंगलाची हद्द सुरू झाली. गाड्या आत जाऊ नयेत म्हणून चर खणलेला होता आणि त्याच्या कडेला पाटी होती: राखीव वन, विनापरवाना प्रवेश करू नये. चर एका जागी पावसाने बुजला होता. नवऱ्याने नेमकी तीच जागा हेरली.

"अवो, पाटी वाचली काय?"

"वाचली. ते लाकडं तोडणाऱ्यासाठी हाये."

"तसं लिवलं नाई तिथी."

"तू आता रिटायर झाली. शाळा बंद कर."

मी शाळेत मराठी शिकवायची. बोलायला पक्की वऱ्हाडी, पण लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची एक चूक मला चालत नाही. पाटीत एकही चूक नव्हती, म्हणून मी आणखी एकदा सांगून पाहिलं. जीप तोवर आत शिरली होती.

काळवीट दिसलं नाही. आमचा आवाज ऐकून ते थांबलं असतं तरच नवल. एक रोही, म्हणजे नर नीलगाय, तेवढा पळताना पाठमोरा दिसला. त्याच्या मागे जीप घालण्याच्या नादात नवरा गवतातून, झुडपांतून सुसाट निघाला आणि थेट नाल्यात उतरला. वरून कोरडी दिसणारी काळी माती खाली लोण्यासारखी होती.

"चारी चाकं वढतेत इची. आत्ता निंगते, पाह्य!"

चारही चाकांनी मिळून मोठा खड्डा खणला. जीप त्यात पोटापर्यंत बसली. चिखल माझ्या चष्म्यावर आला.

तासाभरात चाकांच्या खुणा बघत बघत एक वनरक्षक मुलगी चालत आली. खाकी कपडे, हातात कागदांचं पॅड. मागे एक म्हातारा वनमजूर.

"काका, इथी कसे आले?"

"रस्ता चुकलो, बाई."

"एवढा मोठा डांबरी रस्ता चुकले?"

ती दगडावर बसून पंचनामा लिहू लागली. मी मागून डोकावले. तिने लिहिलं, 'सदर वाहण'.

मी गप्प बसायला हवं होतं. नाही जमलं. "वाहन," मी म्हणाले. "नळातला न."

पुढे 'विणापरवाना' आलं. मी पुन्हा बोलले. तिने पेन माझ्या हातात दिलं. "काकू, तुमीच लिवा. मी सांगतो तसं. मले कागदाचाच कटाळा हाये."

नवरा जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "रस्ता चुकल्यामुळं, असं लिव."

"ते खोटं हाये. आन् वाक्यातबी बसत नाई."

मी लिहिलं: 'हद्दीवरील फलक वाचूनही व पत्नीने दोनदा हटकूनही चालकाने वाहन आत घातले.' वनरक्षक मुलगी हसू दाबत म्हणाली, "काकू, मी एवढं नव्हतं सांगतलं."

मग नुकसान मोजायचं होतं. आम्ही खुणांवरून मागे चालत गेलो. ज्यांना आम्ही झुडपं समजलो होतो ती सागाची लावलेली रोपं होती. प्रत्येकाभोवती मातीचं आळं. अकरा रोपं चाकाखाली गेली होती. म्हातारा प्रत्येकापाशी वाकून बसला आणि बोटांनी चाचपून पाहू लागला.

"दोन उनाळे डब्यानं पानी घातलं, बाई," तो मला म्हणाला. रागावून नव्हे, नुसतं सांगितलं.

मला लाज वाटली. गाडीत तर मीही बसले होते. मी 'अकरा' अंकी लिहिलं आणि अक्षरीही लिहिलं.

सही करण्याआधी नवऱ्याने कागद दोनदा वाचला. जन्म कचेरीत गेलेला माणूस, पळवाट शोधत होता. सापडली नाही.

"सोताच्या नवऱ्याले अडकवलं तू."

"तुमी सोताच अडकले. ते पाहा, गाडीसुद्धा अडकली."

ट्रॅक्टरने जीप ओढून काढली आणि ती जप्त होऊन वनखात्याच्या आवारात गेली. आम्ही एसटीने परतलो. गुडघ्यापर्यंत काळे झालेले नवऱ्याचे पाय पाहून कंडक्टरने विचारलं, "वावरातून आले का?"

"जंगलातून," मी म्हणाले. पुढचे चार दिवस नवरा माझ्याशी बोलला नाही. घरात इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच होती.

पाचव्या दिवशी ते वनखात्याच्या कचेरीत जाऊन आले आणि न राहवून बोलले, "साहेब म्हने, पंचनामा कोन्या वकिलानं लिवला? मी म्हनलं, माह्या बायकोनं." आवाजात चक्क अभिमान होता. दंड भरला. माफीनामा त्यांनी स्वतः लिहिला. त्यातल्या नऊ चुका मी काढल्या. दीड महिन्याने जीप घरी आली.

उन्हाळ्यात, आपल्या मनाने, परवानगी काढून ते रोपांना पाणी घालायला गेले. जीप रस्त्यावर ठेवायची आणि कॅन हाताने न्यायचे, अशी अट होती. दोन खेपा झाल्या, तिसरीला कंबर धरली. एकदा मीही सोबत गेले. तो म्हातारा भेटला. सात रोपं पुन्हा फुटली, म्हणाला. नवरा खूश झाला. उरलेल्या चारांचं मी विचारलं.

"ते गेले, बाई," तो म्हणाला आणि माझ्या हातातला कॅन घेतला.