गुणाचं लेकरू

लेकरू हातात आलं की नर्सबाई आधी त्याच्या तळपायावर टिचकी मारायच्या आणि मान वाकडी करून वाट पाहायच्या. लेकरानं भोकाड पसरलं की बाईंच्या चेहऱ्यावर हसू. "रडू द्या त्याले. आवाज चांगला खणखणीत हाये." लेकराला रडवून खूश होणारी बाई त्या बिचाऱ्या आयांनी कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मीही नाही.

मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. कामरगावच्या पुढचं गाव, सत्तरनंतरची वर्षं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस बाई आणि मी. मला माझ्या डोक्याचा भारी गर्व. कपाटातल्या कोणत्या बरणीत काय आहे, हे डोळे मिटून सांगायचो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. बाई ऐकून घ्यायच्या. अशी ऐकून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना साधी समजतो आणि तिथेच फसतो.

बाई रिठदकडच्या. घर शेतमजुराचं. घरानं धम्म घेतला तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. बापानं पोटाला चिमटा घेऊन नागपूरला नर्सिंगला पाठवलं. आता क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच राहायच्या.

कापूस वेचणीचे दिवस होते. गावाच्या टोकाला एका घरात तीन महिन्यांची मुलगी होती. आई तिला वावरात न्यायची, बाभळीला झोळी बांधायची, आणि मुलगी संध्याकाळपर्यंत झोपायची. तिची आजी सगळ्या गावाला सांगत फिरायची, "अशी गुणाची पोट्टी पायली नाई, बाप्पा. दिवसभर हूं नाई का चूं नाई." माझं पोरगं तेव्हा रात्रंदिवस किंचाळायचं. मी बायकोला त्या मुलीचे दाखले द्यायचो.

एक दिवस बाई लसीच्या कामाला त्या घरी गेल्या. मी पेटी घेऊन सोबत होतो. बाईंनी टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मुलीनं कसाबसा एक घोगरा आवाज काढला आणि डोळे मिटले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिची जाड जीभ पाहिली, फुगून वर आलेली बेंबी पाहिली, थंडगार कोरड्या पायांवरून हात फिरवला. "शी कधी केली?" आई म्हणाली, "चार रोज झाले."

परतताना मी नेहमीसारखी थट्टा केली, "बाई, तुमाले रडकेच लेकरं आवडतात."

"भाऊ, घरी चला जरा," बाई म्हणाल्या.

क्वार्टरमध्ये त्यांनी बहिणीला हाक मारली. पंचविशीची असेल, ठेंगणी, शांत. "शेजारून दोन लिंबं आन. भाऊ आले." ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "अक्का, काय आनू व?" बाईंनी सांगितलं. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. "अक्का, काय आनू?" तिसऱ्या वेळीही बाईंचा आवाज तसाच, जणू पहिल्यांदाच सांगत होत्या. माझी मान खाली गेली.

"हे बी रडत नव्हती," बाई म्हणाल्या. "माय म्हने, लय गुणाची हाये. मी ट्रेनिंगले गेली, तिथं डॉक्टरनं असंच एक लेकरू दाखवलं. म्हने, गळ्यातली थायरॉईडची गाठ काम करत नाई, तिचा रस अंगाले भेटत नाई. तवा मले समजलं. हे नऊ वर्षांची झाली होती. गोळ्या चालू केल्या, उंची वाढली, कातडी नरम झाली. पन डोकं त पयल्या दोन-तीन वर्षांत घडते ना, भाऊ. तवाच तो रस पायजे होता. गेलं थे गेलं."

आमचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात पाहू. मुलीचा बाप म्हणाला, वेचणी होऊ द्या. बाई कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी रजा टाकली, आईला आणि मुलीला एसटीत बसवलं आणि नागपूर गाठलं. रक्त तपासलं. बाईंना जे वाटलं होतं तेच निघालं. गोळ्या घेऊन आल्या आणि आईला शिकवलं : रोज सकाळी गोळी चुरायची, चमचाभर पाण्यात कालवायची, पाजायची. एक दिवस चुकवायचा नाही.

महिनाभरानं आजी तणतणत दवाखान्यात आली. "बाई, तुमच्या गोळीनं आमची पोट्टी बिघडवली. दिवसभर रडून राह्यली, घडीघडी दूध मांगते, झोळीत राहत नाई. सून कापूस वेचन का हिले घेऊन बसन? आठ रोज झाले, बंद केली गोळी."

मला वाटलं, आता बाईंचा पारा चढणार. पण 'आठ रोज' हे शब्द ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या उठल्या, क्वार्टरमधून बहिणीला घेऊन आल्या आणि आजीशेजारी बसवलं. बहिणीनं गोड हसून विचारलं, "कोनत्या गावच्या तुमी?" आजीनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा, "कोनत्या गावच्या तुमी?" आजीनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर आजी बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"हे बी लय गुणाची होती, माय," बाई म्हणाल्या.

आजी उठून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून बाई ड्यूटीच्या आधी स्वतः त्या घरी जाऊ लागल्या. चिखल असो, थंडी असो, ताप असो. गोळी घशाखाली उतरली की मगच दवाखाना. पुढे त्यांनी एक खेळ काढला. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली चिंचोका लपवायचा आणि मुलीला विचारायचं, कुठं हाये? पहिल्यांदा तिनं बरोबर वाटी उचलली, त्या दिवशी बाई चिंचोका मुठीत घेऊनच दवाखान्यात आल्या. "सापडला, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि सुया उकळायला ठेवल्या. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मुलगी पाच वर्षांची झाली आणि बाईंची बदली झाली. एसटीजवळ मुलगी त्यांच्या पदराला लोंबकळत होती. बहीण विचारत होती, "अक्का, कुठं चाललो आपन?" तिला उत्तर देता देता बाईंनी गोळ्यांची बाटली माझ्या हातात ठेवली. "भाऊ, सकाळी आठ वाजता. रोज."

"बाई, मले सांगता?" मी म्हणालो.

त्या हसल्या आणि मुलीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. मग गाडी सुटली.

दोन दिवस मी सकाळी वेळेवर तिच्या घरी गेलो. तिसऱ्या दिवशी औषधांचा साठा मोजायला साहेब येणार होते. मी पहाटेपासून कपाटात डोकं घालून बसलेला. नऊ वाजून गेले असतील, दारात कुणीतरी उभं राहिलं. पाहतो तर ती मुलगी. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा.

"काहून व, एकटीच आली?"

"बाईनं सांगतलं होतं, कंपाउंडरबाबा भुलले त तूच जाजो."

"कवा सांगतलं?"

"यष्टीपाशी," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहून, अजिबात न रागावता म्हणाली, "तुमी भुलले."

मी बाटली काढली. डोळे असे भरून आले होते की गोळी तशीच चमच्यात टाकली.

"अशी नाई," मुलगी म्हणाली. "बाई आधी चुरते, मंग पानी टाकते."