रखमाजी दप्तर आणि मेथीच्या टोपल्या

शिरूरच्या मार्केट यार्डात आमची कांद्याची आडत होती. ती वडिलांनी, म्हणजे रखमाजीआबांनी, उभी केली आणि मी, मारुतरावानं, बंद पडेपर्यंत चालवली. २००२ साली पेपरात वाचलं, पुण्याच्या एका संग्रहालयाला जुन्या व्यापाऱ्यांची कागदपत्रं हवी आहेत आणि त्या दप्तराला घराण्याचं नाव देतात. झालं! 'रखमाजी दप्तर' करून बापाचं नाव आपण राखणार, म्हणून मी घरात छाती काढून फिरू लागलो.

पत्र टाकलं. नीलमताई नावाच्या बाई बघायला येतील, असं उत्तर आलं. पाहुणे येणार म्हटल्यावर मी आवराआवर काढली. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेल्या चोपड्या आम्ही आडते कधी रद्दीत घालत नाही, तेव्हा त्या पुसून लाल फडक्यात बांधल्या. कागदांनी भरलेल्या उरलेल्या पोत्यांची मात्र मला लाज वाटली. शेतकऱ्यांची पोस्टकार्डं, आबांनी खरडलेले निरोप, भांडणाच्या चिठ्ठ्या, सगळं बायकोपुढं ओतलं. धुरपदानं कागद भिजवले, चिकटपणाला मेथीचे दाणे घालून कुटले, घागरीवर थापून टोपल्या केल्या आणि वरून न भिजवलेले धड कागद खळीनं चिकटवले. टोपल्या आळीत वाटल्या, एक तिच्या दौंडच्या बहिणीलाही धाडली. "घर कसं मोकळं झालं," असं मीच म्हणालो.

नीलमताई आल्या. चोपड्या चाळून म्हणाल्या, "छान आहेत. पण अशा आमच्याकडे कपाटं भरून आहेत. सुटी पत्रं, चिठ्ठ्या नाहीत का? माणसं त्यातच सापडतात."

तेवढ्यात धुरपदा टोपलीतून भाकरी घेऊन आली. नीलमताईंनी भाकरी ताटात काढल्या आणि टोपली उलटी केली. बुडाला आबांचं अक्षर होतं: 'गाडी भिजली. कांदा पसरून ठेवा.'

"आणखी आहेत अशा?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हायेत की! ह्यांनीच तर कागद दिलं. म्हनलं, कचरा हाय समदा."

मी भाकरीकडं बघत बसलो. दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

नीलमताईंना त्या टोपल्या हव्या होत्या. मग यार्डात लिलाव गाजवणारा मी स्टीलचे डबे घेऊन "डबा घ्या, टोपली द्या" करत दारोदार फिरलो. आळीतल्या सखूबाईनं एका टोपलीवर दोन डबे उकळले. दौंडला मेहुणीच्या टोपलीत कोंबडी उबवणीला बसली होती.

"दाजी, पिल्लं निघूस्तवर टोपली मिळायची न्हाई," मेहुणी म्हणाली. पिल्लं निघाल्यावर मी पुन्हा दौंड गाठलं.

टोपल्या तिच्या हातच्या, म्हणून आज संग्रहालयात 'धुरपदाबाई संग्रह' आहे, काचेच्या कपाटात. ती पुण्याला जाऊन बघून आली आणि आल्यावर मलाच म्हणाली, "मामंजींचं नाव द्यायचं ऱ्हायलंच की वो." माझ्या चोपड्या घरीच आहेत, लाल फडक्यात.

दौंडची टोपली मात्र मी दिली नाही. आबा कमी बोलायचे. आयुष्यात त्यांनी मला कधी पत्र पाठवलं नाही, अशीच माझी समजूत होती. त्या टोपलीच्या बुडाला त्यांच्या अक्षरात 'चि. मारुतीस' एवढं स्पष्ट वाचता येतं. लिहून ठेवलं असेल, पाठवायचं राहिलं असेल. पुढचं मी उन्हात धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. फार जीव तुटतो. पुढं नुसती मेथी आहे.