मन्मथप्पांचं माळवद

मांजरसुंब्याचा चढ अर्धा झाला आणि मन्मथप्पा रस्त्याकडेच्या एका धोंड्यावर टेकले. टेकले तसे उठले. धोंडा डुगडुगत होता. त्यांनी एक चपटा दगड शोधून त्याच्या बुडाशी सारला, दुसऱ्या दगडानं ठोकला, हात झटकले आणि म्हणाले, "आता बघ, हत्ती बसवला तरी हलनार न्हाई." मग ऐटीत बसले, आणि धोंड्यासकट बाभळीच्या अंगाला कलंडले.

त्यांची पुतणी शिवम्मा डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. एका हातानं गाठोडं सावरत तिनं दुसरा हात त्यांना दिला.

"काका, त्यो धोंडा सरकारचा हाय. बिघडला तर तहसिलीत जबाब द्यावा लागंल."

"मूळचाच वाकडा हाय गं त्यो," मन्मथप्पा धोतरातले काटे काढत म्हणाले. "माझ्या ठोकन्यात चूक न्हाई."

हे वाक्य शिवम्मानं लहानपणापासून ऐकलं होतं. गावात मन्मथप्पांचं गूळ-मिठाचं दुकान होतं आणि ते चांगलं चालायचं. पण तागडी धरली तरी त्यांचं चित्त घराच्या कडी-कोयंड्यात असायचं. "आपल्या घराची दुखनी परक्याच्या हाती कावून द्यायची?" असं म्हणून त्यांनी सुताराला, लोहाराला, गवंड्याला उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं. जात्याला टाकी त्यांनीच लावली, तेव्हा महिनाभर साऱ्या घरानं भाकरीबरोबर दगड चावले. बाज विणली ती अशी, की निजणारा कुठल्याही कडेला निजो, पहाटे मधल्या खड्ड्यातच सापडायचा. परड्यात भोपळ्याचा मांडव कलला म्हणून शेवग्याची ओली फांदी रोवून टेकू दिला. फांदीनं मूळ धरलं, भोपळा सावलीत वाळला आणि शेवगा छपराएवढा झाला. "भोपळ्यापरीस शेंगा चांगल्या," मन्मथप्पा म्हणाले.

त्यांची बायको नीलम्मा. या सगळ्यावर ती पदराआड हसायची आणि शेंगांची आमटी करायची. बाई सोशीक, पण माळवदापाशी तिचाही धीर संपला.

आपल्याकडच्या घरांना मातीचं सपाट छत असतं, तेच माळवद. पावसाळ्याआधी जुन्या गढीच्या टेकाडावरची पांढरी माती आणून त्यावर पसरायची आणि चोपायची, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मन्मथप्पांनी औंदा नवा विचार काढला. शेतात पाऊस पडला की काळ्या रानात पाणी साचतं. साचतं म्हणजे खाली जात नाही. मग छतावर काळीच माती का घालू नये? शेजाऱ्याच्या रानातली काळीभोर माती त्यांनी गाढवांवरून आणवली आणि छतावर वीतभर थर दिला.

मृगाचा पाऊस झाला आणि आठ-दहा दिवसांत छतावर ज्वारी उगवली.

लोक पाहायला येऊ लागले. चावडीवर कुणी म्हणालं, पटवाऱ्याला बोलवा, मन्मथप्पानं नवं रान काढलंय, त्याचा सारा बसवा. नीलम्मा म्हणाली, "उपटून टाका ती." मन्मथप्पांना जीव होईना. "अगं, मुळ्यांनी माती धरून ठिवलीय. देवानंच सोय केली."

मुळ्यांनी माती धरली ती भोकं पाडून. मधे उघडीप पडली, काळी माती भेगाळली, आणि श्रावणातल्या सोमवारी नीलम्माचा भाऊ शंकरप्पा परळीहून वैजनाथाचा अंगारा घेऊन आला तेव्हा बाहेर झड लागली होती. पंगत बसली. शंकरप्पाच्या ताटात पुरणपोळी आणि वाटीत दूध. वरून चिखलाचा गोळा सुटला तो थेट वाटीत. मन्मथप्पांनी पाट हातभर सरकवला. धार पाटामागं आली. पाट कोपऱ्यात नेला. कोपऱ्यात दोन धारा. शेवटी मन्मथप्पा छत्री घेऊन आले आणि मेहुण्याच्या डोक्यावर धरून उभे राहिले.

"जेवा शंकरप्पा. कावून थांबलात?"

शंकरप्पा गुपचूप जेवला. पण नीलम्मानं चुलीवर पाणी ओतलं, लुगडी बांधली आणि भावाच्या गाडीत जाऊन बसली. "ह्या छताला गवंड्याचा हात लागंस्तोवर मी उंबऱ्याच्या आत पाय ठिवनार न्हाई," एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मन्मथप्पा एकटे होते. शिवम्माचं सासर दोन घरं सोडून. ती दोन्ही वेळा भाकरी-कालवण नेऊन द्यायची. काका दुकानातून आले की आधी चुलीकडं बघत, मग खुंटीकडं, जिथं नीलम्माची घोंगडी असायची, आणि मग काहीतरी ठोकायला घेत.

आणि आज कपिलधारला स्वामींच्या समाधीची जत्रा. नीलम्मा भावाबरोबर तिथंच येणार होती. तिला घरी परत आणायचं, याच एका कामासाठी मन्मथप्पा पहाटे निघाले होते. शिवम्मा हाक मारायला आली तर पुढचं दार बंद. आतून आवाज आला, "मागनं ये, मागनं!" मग गोठ्यातून, शेणातून वाट काढत दोघं बाहेर पडले. "ही शुभ दिशा हाय," काका म्हणाले होते.

चढ संपला तसे मन्मथप्पा मुद्द्यावर आले.

"शिवम्मा, काकूनं इचारलं, छत कुनी केलं, तर काय सांगशील?"

"तुमी केलं आसं सांगीन. मी बघितलंय की."

तिनं बघितलं होतं. पोळ्यानंतर काकांनी सगळी ज्वारी उपटली, काळी माती खरवडून परड्यात टाकली, गढीची पांढरी माती आणली आणि गुडघे सुजेपर्यंत छत चोपलं. या वेळी नवा विचार काढला नाही. चार लोक करतात तसंच केलं, आणि स्वातीचा पाऊस रात्रभर कोसळला तरी घरात थेंब आला नाही.

"पन तिला गवंड्याचा हात पायजे ना! बंकट गवंड्यानं केलं आसं सांग. एवढंच."

"गळ्यात लिंग हाय माझ्या. देवाच्या दारी खोटं बोलू?"

"देऊळ आजून कोसभर लांब हाय."

"काका!"

"बरं बरं. तू गप ऱ्हा. मी बोलतो."

गप राहायला शिवम्मा कबूल झाली. मनातल्या मनात तिनं स्वामींची माफीही मागून ठेवली, कारण काकू घरी यावी हे तिलाही वाटत होतंच.

कपिलधारच्या दरीत पाण्याचा आवाज लांबूनच येत होता. धबधब्याच्या अलीकडं, बेलाच्या झाडाखाली नीलम्मा बसली होती, शेजारी शंकरप्पा. मन्मथप्पांना बघताच ती उठली. आधी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाळलात. खोकला गेला का?"

"गेला."

"आन छत?"

"झालं. बंकट गवंड्यानं केलं," मन्मथप्पा म्हणाले. शिवम्मा धबधब्याकडं बघू लागली.

"गळलं का स्वातीत?"

"थेंब न्हाई."

नीलम्मानं हात जोडले. "देवा, त्या बंकटचं भलं कर. जानत्याचा हात त्यो. उतार बराबर दिला आसंल?"

"दिला."

"चोपलं बी चांगलं?"

"लई चोपलं," मन्मथप्पा गुडघा चोळत म्हणाले.

"बघा, ज्याचं काम त्यानं केलं की कसं व्हतं! त्या बंकटला घरी बोलवून जेवू घालनार हाय मी. पुरनपोळी."

मन्मथप्पांचे कान लाल व्हायला लागले होते. तेवढ्यात शंकरप्पानं भर घातली. "दाजी, त्या बंकटला परळीला धाडा. माझ्या दुकानाचं माळवद त्याच्याच हातनं करून घेतो. आसा मानूस आमच्याकडं न्हाई."

"बंकटला काय येतंय डोंबल!" मन्मथप्पांचा आवाज धबधब्याच्या वर गेला. "बंकट शिडी बी चढला न्हाई! खाली हुबा ऱ्हाऊन सुपारी कातरत व्हता! हे गुडघे बघा, हे हात बघा! माती कुनी वाहिली? चोपलं कुनी? मी!"

आसपासचे चार जत्रेकरी वळून बघायला लागले. मन्मथप्पांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

नीलम्मा शिवम्माकडं वळली. "शिवम्मा, तू बोल. तू खोटं बोलत न्हाईस."

आता विचारल्यावर गप राहणं हेही खोटंच. "काकू, काकांनीच केलं. पांढरी माती घातली. थेंब गळला न्हाई, हे बी खरं हाय."

नीलम्मानं नवऱ्याचे हात आपल्या हातात घेतले. तळव्यांना घट्टे पडले होते आणि नखांत पांढरी माती अजून होती. मग तिचा पदर तोंडाशी गेला आणि खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मन्मथप्पा घाबरले. ती हसत होती.

"बंकटचं नाव घ्यायला लई जड गेलं आसंल न्हाई?"

"कोसभर चालत घोकत आलो," मन्मथप्पा म्हणाले.

तिनं आधी समाधीचं दर्शन घेतलं. परत आली ती बेलाचं पान घेऊन. ते नवऱ्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "येते मी. पन शपथ घ्या. हितनं म्होरं घरातल्या कशाला बी हातोडी लावनार न्हाई."

"हितनं म्होरं न्हाई लावनार," मन्मथप्पा म्हणाले, आणि जरा थांबून पुन्हा म्हणाले, "हितनं म्होरं."

शिवम्माला ते दोनदा म्हणणं खटकलं.

परतीच्या वाटेवर नीलम्मा लेकुरवाळ्या बायांबरोबर पुढं झपाझप चालली होती. घर कधी दिसतंय असं तिला झालं होतं. सकाळच्या धोंड्यापाशी आल्यावर मन्मथप्पांनी शिवम्माची बाही हळूच ओढली आणि तिला मागं ठेवलं.

"पोरी, एक काम कर माझं. ह्यात खोटं बोलायचं न्हाई."

"काय आता?"

"घर आलं की काकूला बोलन्यात गुतव आन गोठ्याकडनं आत ने. म्हन, आधी गायीला हात लाव, गाय तुझी वाट बघतीय. बघतच आसंल ती." त्यांनी पुढं बायकोकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज आणखी उतरवला. "पुढलं दार म्या परवा रंधा मारून नव्यानं बसवलंय. बंद लई झ्याक व्हतंय. तेवढं बंकटच्या घरावरनं जाताना त्याला सांग, उद्या मी तिला दुकानावर घिऊन जातो, तवर गुमान ये आन ते उघडून जा."