आमच्या गड्यांचे सिमेंटपत्रे

चार वर्षं परदेशात बांधकामावरची सुरक्षा शिकले. विमान बेळगावला उतरलं तेव्हा वाटत होतं, आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाडकामावर सगळे माझी वाटच बघत असतील. निपाणीतल्या तंबाखूच्या जुन्या वखारीवर पोचले, तर आप्पा स्लीपर घालून छतावर उभे! पाडकामात विटांच्या आधी किस्सेच साचतात. हे त्यातले थोडे.

*

वखारीवर जुने सिमेंटपत्रे होते. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस. पत्रा फुटला की बारीक तंतू उडतात, छातीत बसतात आणि कित्येक वर्षांनी उलटतात. मी सगळ्यांना भारी मास्क वाटले. आप्पांचा सगळ्यात जुना गडी मल्लूअण्णा दुपारी मास्क लावून ऐटीत आला. तोंडापाशी रुपयाएवढं भोक!

"अण्णा, हे काय?"

"मग तंबाखू थुकायची कुठनं?"

*

पत्रा काढण्याआधी भिजवा, म्हणजे धूळ उडत नाही, असं सांगितलं. विटा वेचणारी शांताआक्का पाइप धरून हसत सुटली. "पाडायच्या घराला आंघोळ घालत्यात व्हय गं?"

पण घातली! नंतर बघते तर पत्र्याला हळदीकुंकू.

"आंघोळीवर मोकळं कपाळ बरं दिसत न्हाय."

*

हूक कापून पत्रा अख्खा उतरवा, घणानं फोडू नका, असं आप्पांना म्हटलं.

"एवढी वर्सं फोडतोय. काय झालंय मला?" म्हणाले, आणि जे खोकायला लागले ते थांबेचनात. मल्लूअण्णा तांब्या पुढं करत म्हणाला,

"काय न्हाय झालं. नुसतं बोलता येत न्हाय!"

कुणी हसलं नाही.

*

काम संपलं की अख्खे पत्रे गड्यांनी घरी न्यायचे, ही आमच्याकडची रीत. शांताआक्कानं आठ बाजूला ठेवले होते. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार, तिच्या खोलीवर घालायला.

"आक्का, हे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या गाडीत जायचे. बाळाच्या डोक्यावर नकोत."

आक्कानं पत्र्यांवर हात ठेवला. "तुझ्या खोलीवर कुणाचं हाईत गं?"

दहावीला मला अभ्यासाची खोली हवी होती, तेव्हा प्रत्येकानं आपल्या वाट्याचा एकेक पत्रा दिला होता. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून आप्पांनी आतल्या बाजूनं कोळशानं नावं लिहिलेली. परदेशात घरची आठवण असह्य झाली की हॉस्टेलच्या कोऱ्या छताकडं बघून मी ती ओळीनं म्हणायचे. मल्लू, शांता, बाकीचे सगळे.

"तुला चाललं," आक्का म्हणाली, "माझ्या नातवाला चालत न्हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीचं काम थांबवून मी सगळ्यांना, घातक कचऱ्याच्या गाडीसकट, आमच्या घरी बोलावलं.

"शिडी माझ्या खोलीला लावा," म्हटलं. "शांताआक्काच्या नावापासून सुरुवात करू."