नवस आत्तींचा, उपास क्रांतीचा

घटस्थापनेची सकाळ. क्रांतीनं जेवणाआधीची इन्शुलिनची सुई टोचून घेतली आणि भाकरी तव्यावर टाकली, तेवढ्यात कडी वाजली. वाजली ती थांबेचना. कसबा बावड्यात अशी कडी वाजवणारं एकच माणूस, तिच्या नवऱ्याची आत्या तानाबाई.

"गॅस बंद कर आधी," आत्ती उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "आजपासनं तुझा उपास हाय."

"माझा?"

"व्हय. मी अंबाबाईला बोललोय, पोरीचं वजन उतरू दे, ती नऊ दिवस निरंकार धरंल, अन्नाचा कण घेणार न्हाय. उतरलं न्हवं?"

उतरलं होतं. सातवीत असल्यापासून क्रांतीच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नव्हतं, ते बाहेरूनच घ्यावं लागे. डोस वाढला तसं वजन वाढलं, वजन वाढलं तसा डोस. घरी बसून गल्लीभरच्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी ही बाई स्वतःच्या ब्लाऊजची शिवण दर दिवाळीला उसवून सैल करायची. वर मापं द्यायला आलेल्या बायका सांगायच्या, "तोंडाला कुलूप घाल की जरा." या उन्हाळ्यात डॉक्टरांनी इन्शुलिनच्या जोडीला एक गोळी दिली आणि कितीतरी वर्षांनी तिनं शिवण आत घेतली.

मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई सोडायची नाही आणि उपाशी राहायचं नाही. श्रावणात शेजारणींच्या भिडेपोटी तिनं एक सोमवार धरला. साखर मोजायच्या मशीनवर आकडा ठीक दिसत होता, आणि इकडे उलट्या, धाप, रक्तात आम्ल साचलेलं. थेट सलाईनच लागलं. "परत असं केलंत तर गोळी बंद," डॉक्टर म्हणाले होते. घरात तिनं पित्त झालं म्हणून सांगितलं होतं.

आता ती पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. टोचलेलं औषध पोटात घास मागत होतं. तळवे ओले झाले होते. आत्ती पाटावर ठाण मांडून बसल्या होत्या.

"मशीन काय म्हणतंय?"

"चांगलं म्हणतंय."

"मग झालं की! मला बी साखर हाय. मी धरतो न्हवं उपास?"

"तुमची वेगळी, आत्ती."

"साखर ती साखर. तुझी काय पन्हाळ्यावरनं आलीया?"

एरवी क्रांती हसली असती. ती खिडकीपाशी गेली, परत आली, बसली, उठली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

"श्रावणात पित्त न्हवतं, आत्ती," ती म्हणाली. "उपासानं झालतं ते. या गोळीवर उपाशी राहिलं की रक्त बिघडतं, मशीनला दिसत बी न्हाय. परत झालं तर गोळी जाईल, न्हायतर मीच जाईन."

आत्तींचा हात कपाळाला गेला. "आणि देवीला काय सांगू मी?"

"ते मी देवळात येऊन सांगते." क्रांतीनं रिकामी ताटली त्यांच्यासमोर धरली. "तुम्ही मला एवढी भाकरी वाढा."