पत्र्याचे सेनापती

माझ्या धाकट्या भावाने बदलापुरात अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि हॉलच्या मोठ्या भिंतीवर चार सेनापती लावले. चारही पत्र्याचे. उल्हासनगरला कॅम्प तीन भागात हल्ली लोखंडी पत्र्यावर हवं ते चित्र छापून देतात. वरून चकचकीत थर, मागे भिंतीला चिकटवायचं लोहचुंबक, म्हणजे भिंतीला भोक पाडायला नको. पहिला लाल कोटातला, झुपकेदार कल्ल्यांचा गोरा जनरल. दुसरा दुर्बीण काखेत मारलेला, तोही गोराच. तिसरा फेटा बांधलेला, तलवारीच्या मुठीवर हात ठेवलेला कुणी सरदार. त्या दोन गोऱ्यांनी तिसऱ्याच्याच माणसांना कापलं असेल, हे भावाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हे कोण, असं मी विचारलं, तर म्हणाला, नावं नाही माहीत ताई, पण लुक बघ ना. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरबद्दल एक वाक्य बोलायची ज्याची छाती होत नाही, तो माणूस सोफ्यावर पाय पसरून सेनापतींच्या पहाऱ्यात चहा पीत होता. त्याची बायको पाहुण्यांना सांगायची की आमच्याकडे आर्मी थीम आहे. मला हसू आवरलं नाही. दोघांनीही तोंड फुगवलं.

चौथा पत्रा म्हणजे आमचे बाबा.

बाबा फौजेत होते, हे खरं. पंधरा वर्षं होते, पण शिंपी म्हणून. साहेबांचे कोट अंगाला बसवायचे, फाटलेले तंबू शिवायचे. परत आल्यावर कॅम्प तीनमध्येच जीन्सच्या एका कारखान्यात मशीनवर बसले ते शेवटपर्यंत. त्यांचा एकच धड फोटो आमच्याकडे होता. जेवणाच्या सुट्टीत समोरच्या स्टुडिओत जाऊन काढलेला, नाकावर उतरलेला चष्मा आणि गळ्यात मापाची टेप. ती काढून ठेवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. ते गेल्यावर आईने तोच फ्रेम करून घेतला. रोज सकाळी ती काच पुसायची, गंध लावायची आणि चंदनाचा हार सरळ करायची. भावाकडे राहायला येताना तिने कपड्यांच्या आधी तो फोटो बांधून घेतला होता.

भावाला त्या टेपची लाज वाटली. ऑफिसातले लोक घर बघायला येणार होते. फ्रेम बदलून आणतो असं आईला सांगून त्याने फोटो त्या पत्र्यांच्या दुकानात नेला, चेहरा तेवढा ठेवायला सांगितला आणि बाकी सगळं बदलून घेतलं. निळा कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, छातीवर पदकांच्या तीन रांगा. चष्मा गेला. मिशीला पीळ आला. बाबांनी जन्मात हातात धरलेलं सगळ्यात मोठं हत्यार कापडाची कात्री होतं, आणि इथे त्यांच्या कमरेला तलवार. घर बघायला आलेल्या माझ्या दिरांना तर तो पत्रा एखाद्या बँडवाल्याचा वाटला, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

पितृपक्षात बाबांची तिथी चार दिवसांवर आली तेव्हा मी बदलापुरातच होते. आईने तो फोटो परत मागितला. भाऊ म्हणाला, आहे की भिंतीवर, उलट मोठा करून आणलाय. आई हार घेऊन पत्र्यापुढे उभी राहिली. हार अडकवायला खिळाच नव्हता. मग तिने गंध लावलं, तर त्या चकचकीत कपाळावरून ते हळूहळू मिशीपर्यंत ओघळलं. तिने पदराने पुसलं. मग ती अगदी जवळ गेली आणि चेहरा सोडून खांद्याकडे बघत राहिली. बाबांनी घरी आणलेल्या कपड्यांना वीस वर्षं काजं-बटणं तिने केली होती.

"हा कोट ह्यांनी शिवला नाय," ती म्हणाली. "खांदा बघ कसा उतरलाय. असा कोट ते दुसऱ्याला घालू देत नसत, स्वतः कशाला घालतील? तिथीला मी ह्याच्यापुढे पान वाढणार नाय."

तेव्हा भावाने कबूल केलं की मूळ फोटो दुकानातच आहे, आणायचा राहिला. दुकानात फोन केला तर बघतो म्हणाले. स्वतः जायला त्याला सुट्टी मिळत नव्हती. चार सेनापती पदरी असलेला माणूस साहेबाकडे अर्धा दिवस मागू शकत नव्हता. मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी अंबरनाथला माझ्या घरी गेले, तिथून शेअर रिक्षाने कॅम्प तीनला.

दुकानभर पत्र्याचे जनरल लटकत होते. मालक म्हातारा सिंधी, बोलायला गोड. त्याने एक खण ओढून माझ्यापुढे ठेवला. त्यात लोक विसरून गेलेले फोटो होते, टोपीतले, धोतरातले, शर्टाच्या खिशाला पेन लावलेले कितीतरी बाप. मुलांनी त्यांचे चेहरे नेले होते आणि उरलेले इथेच टाकले होते. बाबा तळाशी सापडले. फ्रेम गेलेली, एक कोपरा दुमडलेला, पण टेप जागच्या जागी.

मालकाने फोटो हातात घेऊन निरखला. "गले में टेप है. टेलर थे क्या?"

समोरच्या गल्लीतून मशीनचा आवाज येत होता.

"नहीं," मी म्हणाले. "मिलिटरी में थे."

"तो फिर हमने सही बनाया," असं म्हणून त्याने तो कागदात गुंडाळून दिला.

रिक्षात बसल्यावर मला आठवलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी विचारलं होतं, वडील काय करायचे. मी हेच उत्तर दिलं होतं, याच सुरात, आणि शिंपी हा शब्द गिळला होता. भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता, माझ्या शेजारी बसून ऐकत होता. मी इतके दिवस ज्याला नावं ठेवत होते, त्याला हे शिकवलं होतं मीच.

तिथीच्या सकाळी मी फोटो आईच्या हातात दिला. तिने आधी टेपवरून बोट फिरवलं, मग चेहऱ्यावरून. दुमडलेला कोपरा तळहाताने दाबून सरळ केला.

"सापडला कसा?" तिने विचारलं. "टेलर होते म्हणून सांगितलंस ना? त्या गल्लीत लगेच ओळखतील ह्यांना."

मी हो म्हणाले.